सोबत कोण आहे?

(जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त १ ऑक्टोबर रोजी रुग्णालयाच्या सभागृहात झालेल्या मेळाव्यात रुग्णालय प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० साली ठराव करून १ ऑक्टोबर हा दिवस ज्येष्ठांसाठी निश्चित केला. आजच्या मेळाव्यात हाडांचा ठिसूळपणा, मधुमेह व दृष्टिदोष यांविषयी आमच्या डॉक्टर सहकाऱ्यांनी आपणांस मोलाचे मार्गदर्शन केले. नोंदवह्या, अर्ज आणि हिशेब हे प्रशासनाचे क्षेत्र. म्हणून आमच्या प्रवेशअर्जातील एका रकान्याविषयीच आज आम्ही बोलणार आहोत. रुग्ण दाखल होताना जवळपास प्रत्येक रुग्णालयात पहिला प्रश्न विचारला जातो, ‘सोबत कोण आहे?’ आणि त्याखाली रकाना असतो, ‘नातेवाईकाचे नाव व नाते’. सदनिकेत एकटीने राहणाऱ्या ज्येष्ठ भगिनींच्या बाबतीत हा रकाना भरताना लेखणी अडते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाख होती आणि तीत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक होती. कारण उघड आहे. स्त्रीचे सरासरी आयुर्मान अधिक, शिवाय आपल्याकडे पती वयाने मोठा असण्याची रीत. त्यामुळे संसाराची अखेरची वर्षे बहुधा तिलाच एकटीने काढावी लागतात. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांत सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारतींमधून आज अशी अनेक घरे आहेत. मुलगा परदेशी, मुलगी बंगळूरला, यजमान निवर्तलेले, आणि बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाई.

या भगिनींविषयी बोलताना ‘बिचाऱ्या’ हा शब्द चटकन ओठांवर येतो. आमचा अनुभव निराळा आहे. बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या अशा अनेकजणींशी बोलल्यावर जे चित्र उभे राहते, ते अत्यंत शिस्तीच्या आयुष्याचे आहे. पहाटे पाचला जाग येते. दाराला अडकविलेल्या कापडी पिशवीतून दुधाची पिशवी आत घेतली जाते. चहा होतो, गॅलरीतील तुळशीला पाणी घातले जाते, रक्तदाबाची गोळी घेतली जाते आणि मग वर्तमानपत्र. नऊच्या सुमारास घरकामास मावशी येतात. दुपारी जिने उतरून बँकेत पासबुक भरून आणणे, येताना एकटीला पुरेल एवढी भाजी. सायंकाळी सोसायटीच्या बाकावर तासभर, गुरुवारी भजनी मंडळ, महिन्याला भिशी. रात्री नऊनंतर परदेशाहून मुलाचा फोन. तेथे तेव्हा सकाळ असते आणि त्याची कामावर जाण्याची घाई असते.

‘मुलाकडे का जात नाही?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा शांतपणे मिळते. येथे दुकानदार नावाने ओळखतो, रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही, आणि आपल्या स्वयंपाकघरात डबा कोठे आहे हे अंधारातही हाताला ठाऊक असते. हे घर त्यांनी अर्धशतक सांभाळले आहे. तेथे राहण्याचा त्यांचा आग्रह हट्टापोटी नसतो. तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो आणि त्याचा मान राखणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.

तथापि, या शिस्तबद्ध दिनक्रमात एक गोष्ट कोणाच्याच हिशेबात धरलेली नसते. ती म्हणजे हजेरी. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांस वर्षातून एकदा, बहुधा नोव्हेंबर महिन्यात, हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो अंगठ्याच्या ठशावर संगणकाद्वारेही देता येतो. मात्र आयुष्यभर भांडी घासून, कणीक मळून झिजलेला अंगठा पुष्कळदा यंत्राला ओळखू येत नाही. असो. शासन वर्षातून एकदा विचारते, ‘आपण हयात आहात ना?’ उरलेले ३६४ दिवस हा प्रश्न कोण विचारते?

वस्तुतः तो विचारणारी माणसे असतात, फक्त त्यांची कोठे नोंद नसते. कालची दुधाची पिशवी आज तशीच लटकलेली पाहून थबकणारा दूधवाला. दोनदा घंटी वाजवूनही दार उघडले नाही म्हणून शेजारी धाव घेणाऱ्या मावशी. बाकावरची जागा रिकामी दिसताच फोन करणाऱ्या मैत्रिणी. रोज सकाळी भ्रमणध्वनीवर येणाऱ्या ‘सुप्रभात’ संदेशांची थट्टा करण्याची आज प्रथा पडली आहे. परंतु एकटीने राहणाऱ्या चार मैत्रिणींमध्ये तो संदेश म्हणजे हजेरीपटच होय. एकीचा संदेश आला नाही, की दुसरी चौकशी करते.

ही हजेरी का महत्त्वाची, ते आमचे अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन नेहमी सांगतात. रात्री लघवीस उठताना, रक्तदाबाच्या गोळीमुळे एकदम उभे राहिल्यावर घेरी येऊन, ओल्या न्हाणीघरात घसरून स्त्रिया पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. खुब्याची शस्त्रक्रिया शक्य तितक्या लवकर, साधारणतः दोन दिवसांच्या आत व्हावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. परंतु रुग्ण जर आठ-दहा तास फरशीवर पडून राहिली, तर शरीरातील पाणी कमी होते, दाब पडलेल्या जागी त्वचा व स्नायू दुखावतात, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि शस्त्रक्रियेपूर्वीच प्रकृती नाजूक बनते. हाड दोघींचे सारखेच मोडते; फरक पडतो तो किती वेळाने कोणाला कळले, यामुळे.

दुसरे उदाहरण सोडियमचे. ‘एकटीसाठी काय कुकर लावायचा’ म्हणून सकाळचीच पोळी रात्री दुधात कुस्करून खाल्ली जाते. त्यात लघवी वाढविणारी रक्तदाबाची गोळी चालू असते आणि दोन दिवस उलट्या वा जुलाब होतात. रक्तातील सोडियम घसरते, बोलणे असंबद्ध होऊ लागते, तोल जातो. घरात दुसरे माणूस असेल तर ते तत्काळ म्हणेल, ‘आज आई वेगळेच बोलते आहे.’ एकटीला स्वतःचा हा बदल स्वतः ओळखता येत नाही. तो ओळखतात त्या बहुधा घरकामाच्या मावशी. रुग्णवाहिकेतून किंवा रिक्षातून बाईंना घेऊन येणाऱ्याही पुष्कळदा त्याच असतात. अशा वेळी ‘सोबत कोण?’ या प्रश्नाचे खरे उत्तर समोर उभे असते. पण ‘नाते’ या रकान्यात लिहायला शब्द नसतो.

येथे कायदा काय सांगतो, तेही स्पष्ट करणे अगत्याचे आहे. कारण ‘सही कोण करणार?’ या धास्तीने अनेक भगिनी रुग्णालयात येण्याचेच टाळतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले, की जखमी माणसाचे प्राण वाचविण्यासाठी तातडीचे उपचार करणे हे शासकीय वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. २००८ साली समीरा कोहली खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले, की सज्ञान आणि निर्णयक्षम रुग्णाची संमती ही तिची स्वतःची असावी लागते; तातडीचा प्रसंग नसेल, तर आईने दिलेली संमतीही तिच्या जागी चालत नाही. तात्पर्य, शुद्धीवर असलेल्या, समजून उमजून बोलणाऱ्या ऐंशी वर्षांच्या बाईंची सही ही पूर्ण सही आहे. मुलाच्या विमानाची वाट पाहण्याचे कारण नाही. तसेच शुद्ध हरपल्यास आपल्या उपचारांविषयी कोणी निर्णय घ्यावा, हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार २०१८ च्या निकालाने मिळाला असून त्याची पद्धत २०२३ मध्ये सोपी झाली आहे. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते पत्र नोटरीकडे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडे साक्षांकित करता येते.

आता पैशांविषयी. या भगिनींच्या ताळेबंदाची रीत चमत्कारिक असते. मालमत्तेच्या बाजूस सदनिका, जिची बाजारभावाने किंमत पाहिल्यास त्या श्रीमंत ठराव्यात. जमेच्या बाजूस मात्र यजमानांच्या मागे मिळणारे निवृत्तिवेतन आणि ठेवींचे व्याज. खासगी नोकरीतील कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह योजनेत २०१४ साली किमान निवृत्तिवेतन ठरले, ते दरमहा १,००० रुपये. सोसायटीची देखभाल वर्गणी, औषधे आणि मावशींचा पगार यांपुढे ही रक्कम किती पुरणार? घर तारण ठेवून बँकेकडून दरमहा रक्कम घेण्याची योजना २००७ पासून आहे. परंतु मुलांसाठी राखलेल्या घरावर बोजा चढविण्यास आपल्या स्त्रिया सहसा धजावत नाहीत.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवलेल्या असतात. आपण ती योजना राबवितो. स्वतःची सदनिका असलेल्या बाईंना ‘आपण त्यात बसत नाही’ असेच वाटते व त्या विचारीतही नाहीत. आमचे सांगणे एवढेच, की पात्रता उत्पन्नाच्या कागदपत्रांवरून ठरते. तेव्हा संकोच न करता समाजसेवा विभागात विचारावे. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळू लागले आहे. त्याचे कार्ड आजार येण्यापूर्वीच काढून ठेवावे. योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांतच त्याचा उपयोग होतो, हेही ध्यानात ठेवावे.

या साऱ्याचा विचार करून येत्या वर्षासाठी तीन गोष्टी आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. पहिली, प्रवेशअर्जातील ‘नातेवाईक’ या रकान्याच्या जोडीला ‘रुग्णाने सुचविलेली व्यक्ती’ असा रकाना असावा. ती शेजारीण असो, मैत्रीण असो वा घरकामाच्या मावशी. माहिती देताना व निरोप पाठविताना तिला पहिला मान मिळावा. दुसरी, रात्री सोबतीस कोणी नसलेल्या रुग्णांकरिता प्रशिक्षित मदतनीस असाव्यात आणि त्यांचा खर्च देणगीतून उभारलेल्या स्वतंत्र निधीतून व्हावा. तिसरी आम्हांस सर्वांत निकडीची वाटते. घरी सोडताना केवळ औषधांचा कागद न देता ‘घरी काय आहे?’ हे विचारले जावे. जिने किती, शौचालय कोणत्या पद्धतीचे, पहिले तीन दिवस जेवणाचा डबा कोठून येणार, दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावांनी एकच गोळी तर लिहून दिलेली नाही ना. आणि घरी गेल्यावर पहिला आठवडाभर परिचारिकेने रोज एक फोन करावा. या फोनला लागणारा खर्च अत्यल्प आहे. त्यामुळे टळलेल्या एका अस्थिभंगाचा खर्च कोणत्याही लेखापालास सहज कळेल.

गृहनिर्माण संस्थांच्या प्रतिनिधींना आमची नम्र विनंती. आपल्या इमारतीत एकट्याने राहणाऱ्या ज्येष्ठांची, त्यांच्या संमतीने, एक यादी ठेवावी. दुसरी किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे असावी. मात्र एक बारकावा लक्षात घ्यावा. चोरांच्या भीतीने रात्री आतून कडी लावली, तर बाहेरच्या किल्लीचा काही उपयोग होत नाही; अग्निशामक दलाला बोलावून दार फोडावे लागते. बाहेरून किल्लीने उघडणारे मजबूत कुलूप असेल, तर कडीची गरज उरत नाही. न्हाणीघराची कडी तर एकटीने राहताना लावूच नये. तेथे भिंतीला धरायला दांडी आणि पायाखाली न घसरणारी चटई असावी. फोन उशाशी व दिवसा कमरेच्या पिशवीत असावा. तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि २०२१ पासून देशभर सुरू असलेली ज्येष्ठांची मदतवाहिनी १४५६७, हे तीन क्रमांक मोठ्या अक्षरांत फोनजवळ व दाराच्या आतील बाजूस लावावेत.

दूरदेशी राहणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगावेसे वाटते, की आईला रोज फोन करताच, त्याबरोबर महिन्यातून एकदा शेजारच्या काकूंना आणि मावशींनाही फोन करावा. आपल्या आईची खरी खबर त्यांच्यापाशी असते. आणि त्यांच्या कष्टांची जाणीव आपल्याला आहे, हे त्यांनाही कळावे.

माझ्या भगिनींनो, आपल्यापैकी ज्या एकट्या राहतात, त्यांनी मदत मागणे म्हणजे स्वातंत्र्य गमावणे असे मानू नये. वेळेवर मागितलेली लहानशी मदतच आपणांस आपल्या घरात अधिक वर्षे राहू देते. ‘सोबत कोण आहे?’ असे आमच्या खिडकीवर कोणी विचारले, तर खाली मान घालण्याचे कारण नाही. आपल्या मनातील जे नाव असेल, ते निःसंकोच सांगावे. ते लिहून घेणे हे आमचे काम आहे. आणि कोणाचेच नाव नसेल, तर त्या रकान्यात रुग्णालयाचे नाव लिहिता यावे, अशी व्यवस्था उभी करण्याचा आमचा संकल्प आहे.

या संकल्पासाठी देणगीदारांनी मदतनीस निधीस हातभार लावावा आणि निवृत्त परिचारिका व शिक्षिकांनी आठवड्यातील दोन तास दूरध्वनीसाठी द्यावेत, असे आवाहन करतो.