आरोग्य निरीक्षकाची नोंदवही आणि आपला धम्म

(कोल्हापूर येथे नवदीक्षित कुटुंबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दीक्षेनंतर आपल्या घरातील तसबिरी बदलल्या, मुलांची नावे बदलली, लग्नाचा विधी बदलला. परंतु वारशाने आलेले काम बदलले काय, हा प्रश्न पुष्कळ घरांत अजून विचारावयाचा राहिला आहे. म्हणून आज मी आपणांशी नगरपालिकेतील आरोग्य निरीक्षकाच्या पदाविषयी बोलणार आहे.

गावची घाण काढणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे आपल्या पूर्वजांनी निवडलेली नव्हती. ती जन्माने त्यांच्यावर लादलेली होती. १९२७ साली महाडच्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी ती टाकून देण्यास सांगितले. याचा अर्थ स्वच्छतेचे काम हलके आहे, असा मात्र करू नका. विनयपिटकात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध आनंदासह भिक्खूंच्या निवासांची पाहणी करीत असता, पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला एक भिक्खू त्यांना दिसला. त्याच्याजवळ कोणीही नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर निजविले. नंतर संघास बोलावून, आजारी भिक्खूची सेवा कोणी करावी याचा नियम घालून दिला. प्रथम पाहणी, मग सेवा, मग नियम! काम हलके नव्हते. ते एकाच जातीच्या माथी मारणे हा अधर्म होता.

आता हे पद काय आहे, ते पाहू. नळाच्या शेवटच्या टोकाला पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे की नाही, हे तपासावे लागते. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठवड्याभरात तयार होतो; म्हणून घरोघरचे रांजण व टाक्या आठवड्यातून एकदा कोरड्या करवून घ्याव्या लागतात. कचरा, गटारे, फवारणी आणि सफाई कामगारांची हजेरी हेही त्याच्याकडेच असते. आपल्या जिल्ह्यात या कामाची किंमत प्राणांनी मोजली गेली आहे. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ पसरली व माणसे दगावली. २०१९ व २०२१ साली पंचगंगेचा पूर ओसरला, तेव्हा चिखल, कुजलेला कचरा आणि मेलेली जनावरे मागे राहिली. अशा वेळी कोणत्या वस्तीत ब्लीचिंग पावडर आधी पोहोचते व कोणत्या वस्तीत शेवटी, हे निरीक्षकाच्या नोंदीवर ठरते. आपली वस्ती बहुधा कोणत्या क्रमांकावर असते, हे तुम्हांस मी सांगावयास नको.

मी वकील आहे. म्हणून कायद्याचे दोन शब्द. राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. २०१३ च्या कायद्याने माणसाकडून मैला साफ करून घेणे, तसेच संरक्षणसाधनांवाचून त्याला गटारात वा सेप्टिक टाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला. तो दखलपात्र व अजामीनपात्र आहे. या कायद्याखाली नेमलेल्या निरीक्षकास जागेत शिरून तपासणी करण्याचा अधिकार आहे. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरण पावलेल्या कामगाराच्या कुटुंबास तीस लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. परंतु न्यायालय पुरावा मागते. त्या दिवशी कोण उतरला, कोणाच्या हुकुमाने उतरला, त्याच्याजवळ कोणती साधने होती, हे कोठेतरी लिहिलेले असावे लागते. ती नोंद खरी असेल तर विधवेला न्याय मिळतो. खोटी असेल तर तिला वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. ती वही कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा!

लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसास नोकरीचा हक्क आहे. गरजू घराने तो अवश्य घ्यावा. त्यात लाज नाही. परंतु झाडू बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे जात राहिला, तर पगार सरकारी झाला तरी व्यवस्था मनूचीच राहिली. मुलाला व मुलीलाही शिकवा. स्वच्छता निरीक्षकाची पदविका असते. १९२६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था तो अभ्यासक्रम चालवीत आली आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले तर राखीव जागेचा हक्क जाईल, अशी भीती काही घरांत आहे. ती सोडा. १९९० साली अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांनाही लागू झाल्या. जातीचा दाखला व त्याची पडताळणी मात्र वेळीच करून ठेवा. याच करवीर नगरीत २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. ते दार उघडे असताना आपण दाराबाहेरच झाडत उभे राहावे काय?

आणि आपला मुलगा त्या खुर्चीवर बसला, तर त्याने एवढे करावे: हातमोजे व बूट मिळाल्याशिवाय कामगाराकडून काम घेऊ नये, माणसाला चेंबरमध्ये उतरवू नये, आणि कोणाच्याही दडपणाखाली खोटी नोंद करू नये. असत्य बोलणार नाही, ही प्रतिज्ञा आपण पंचशीलात घेतली आहे. ती कचेरीतील वहीलाही लागू आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!