भांडण मिटवावे कसे? : शाहू, ताराराणी आणि आपले पेडणे
(मंडळाच्या गणेशोत्सवात चोपडे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलो, आणि उरल्या वेळात इतिहासाची पुस्तके वाचतो, एवढीच माझी पात्रता. मंडळाने विषय विचारला तेव्हा मी म्हटले, शाहू महाराज आणि ताराराणी यांच्यातला तंटा कसा मिटला यावर बोलतो. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "अहो, चवथीत भांडणाचा विषय कशाला?" मी म्हटले, "काका, घरातली भांडणे चवथीतच तर वर येतात!"

तंट्याची सुरुवात आपल्याला ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. 1689 मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला आणि बाल शाहू आई येसूबाईंसह औरंगजेबाच्या कैदेत गेले. 1700 मध्ये राजाराम महाराज वारले. पुढची सात वर्षे ताराराणींनी औरंगजेबाशी झुंज दिली. 1707 मध्ये बादशहा अहमदनगराजवळ मेला आणि त्याच्या मुलाने, आज्जमशहाने, शाहूंना सोडले. हे सोडणे दयेपोटी नव्हते. मराठे आपापसांत लढत राहिले की मोगलांना मोकळीक मिळेल, हा हिशेब होता. म्हणून तर येसूबाईंना ओलीस ठेवून घेतले.

आता न्याय कोणाच्या बाजूने? शाहू थोरल्या पातीचे, म्हणून गादी त्यांची. ताराराणींचे म्हणणे असे की संभाजी महाराजांच्या वेळचे राज्य बुडाले. आज जे आहे ते आम्ही लढून मिळवलेले, म्हणून ते माझ्या मुलाचे. मंडळी, दोन्ही बाजू खऱ्या वाटतात ना? घरच्या वाटणीतही असेच असते. एक म्हणतो, मी थोरला. दुसरा म्हणतो, भाट राखले ते मी.

12 ऑक्टोबर 1707 रोजी भीमाकाठी खेड येथे लढाई झाली. ताराराणींनी सरदारांकडून दूधभातावर शपथा घेतल्या होत्या असे सांगतात. तरी सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले. जानेवारी 1708 मध्ये शाहूंना साताऱ्यात राज्याभिषेक झाला. इथे तंटा संपायला हवा होता. पण तो आणखी सहा-सात वर्षे चालला, आणि माझ्या मते खरा धडा याच वर्षांत आहे.

तो का लांबला? याची तीन कारणे मला दिसतात. पहिले कारण किल्ले. शाहूंकडे गादीचे नाव होते, पण पन्हाळ्याकडचा मुलूख ताराराणींकडे आणि कोकणचा समुद्र त्यांच्या पक्षाच्या कान्होजी आंग्र्यांकडे. एक गड घ्यायला महिनोन्महिने लागत, पावसाळा आला की फौजा घरी जात. दुसरे कारण सरदार. आज साताऱ्याला, उद्या पन्हाळ्याला, जिकडे वतनाची सनद पक्की तिकडे मुजरा. धनाजींचा मुलगा चंद्रसेन 1711 मध्ये बाळाजी विश्वनाथांशी बिनसल्यावर ताराराणींकडे गेला आणि पुढे निजामाला मिळाला. तिसरे कारण मोगल. दोन्ही पक्षांनी चौथाई-सरदेशमुखीची सनद बादशहा बहादूरशहाकडे मागितली. एक वजीर याच्या बाजूने, एक सरदार त्याच्या बाजूने. बादशहाने निकाल काय दिला? तुमचे तुम्ही आधी ठरवा, मग या! भावांच्या भांडणात तिऱ्हाईत नेहमी असाच निवाडा देतो.

1713 पर्यंत शाहूंची स्थिती फार वाईट झाली. कान्होजींनी लोहगड, राजमाची घेतली आणि चालून आलेल्या शाहूंच्या पेशव्यालाच, बहिरोपंत पिंगळ्यांना, कैद केले. आता ते साताऱ्यावर येणार अशी हूल उठली. अशा वेळी 17 नोव्हेंबर 1713 रोजी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळाले. ते फौज घेऊन निघाले, पण लढाई करण्यापेक्षा त्यांनी बोलणे लावले. बाळाजी मूळचे श्रीवर्धनचे, कोकणचे. जंजिऱ्याचा सिद्दी हा दोघांचाही शत्रू. त्या ओळखीवर फेब्रुवारी 1714 मध्ये लोणावळ्याजवळ करार झाला. कान्होजींनी पिंगळ्यांना सोडले, शाहूंना छत्रपती मानले. बदल्यात दहा किल्ले, सोळा लहान ठाणी आणि आरमाराचे सरखेलपद त्यांच्याकडे कायम झाले.

बारकाईने पाहा. बाळाजींनी दिले काय? बहुतेक तेच, जे कान्होजींच्या हातात आधीच होते आणि लढून काढून घेता आले नसते. मागितले काय? एक मुजरा. पण त्या एका मुजऱ्याने समुद्राची बाजू साताऱ्याकडे आली. त्याच वर्षी पन्हाळ्यावर ताराराणींना आणि त्यांच्या मुलाला कैद करून राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर बसला. पाच वर्षांनी, 1719 मध्ये, बाळाजी दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले आणि येसूबाईही परत आल्या. घर सावरल्यावरच हे जमले.

कोल्हापूरशी मात्र तेढ उरली. 1730 मध्ये वारणेकाठी संभाजींचा पराभव झाला. कुटुंबातल्या स्त्रिया हाती लागल्या, त्यांना शाहूंनी सन्मानाने वागवले. ताराराणी स्वतःच्या इच्छेने साताऱ्याला राहिल्या. मग दोघे चुलतभाऊ कराडजवळ भेटले आणि 13 एप्रिल 1731 रोजी वारणेचा तह झाला. नदीच्या दक्षिणेचे राज्य कोल्हापूरचे, उत्तरेचे साताऱ्याचे. जिंकलेल्याने हरलेल्याला राज्य दिले, म्हणून तो तह टिकला.

आता आपल्या पेडण्याकडे येतो. सावंतवाडीचे खेमसावंत शाहूंच्या पक्षाला राहिले आणि त्यांचा मुलूख शाहूंनी कायम केला. आपले पेडणे तेव्हा त्यांच्याकडे. पण पुढे तिसऱ्या खेमसावंतांचे लग्न शिंद्यांच्या घरी झाले, दिल्लीहून राजेबहाद्दर किताब आणि मोरचेलांचा मान आला. कोल्हापूरकरांना ते खपले नाही. ही दोन्ही घराणी भोसल्यांचीच! मानापानावरून वर्षानुवर्षे लढाया झाल्या. इथे बाळाजीसारखा मध्यस्थ निघाला नाही. शेवटी सावंतांनी पोर्तुगीजांची मदत मागितली, आणि त्या मदतीच्या मोबदल्यात 1788 मध्ये पेडणे पोर्तुगीजांकडे गेले. ते सुटले 19 डिसेंबर 1961 ला. म्हणजे दोन मराठी घरांच्या मोरपिसांच्या भांडणाचे व्याज आपल्या पूर्वजांनी 173 वर्षे फेडले. चोपड्याच्या बांधावर उभा राहून शापोऱ्याच्या किल्ल्याकडे पाहतो तेव्हा मला हे आठवते.

शेवटी घरचे सांगतो. आजोबा गेल्यावर आमच्या मूळ घरात दोन चुली झाल्या. गणपती एकच, माटोळी एकच, पण आरत्या दोन वेळांना. लहानपणी आम्हां मुलांना दोनदा प्रसाद मिळायचा म्हणून मौज वाटे. मोठे झाल्यावर कळले की वडील आणि काका एकमेकांशी बोलत नाहीत. सात-आठ वर्षांनी वडिलांनी एका चवथीला काकांच्या दारात जाऊन एवढेच म्हटले, "भाऊ, पहिली आरती तुम्ही घ्या." भाटाचा विषय काढला नाही, कारण ते काकाच कसत होते. त्या दिवसापासून आरती एक झाली. वाटणीचे कागद नंतर झाले, आणि शांतपणे झाले. वडिलांनी बाळाजी विश्वनाथ वाचले नव्हते.

आपल्यापैकी कोणाच्या घरात आज दोन आरत्या असतील, तर विसर्जनापूर्वी अजून दिवस आहेत.

गणपती बाप्पा मोरया!