चेहऱ्याला शोभणारे दात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवर दातांच्या दिसण्याबद्दल बोलायचं, म्हणजे गंमतच आहे. तुम्हाला माझे दात दिसत नाहीत, मला तुमचे दिसत नाहीत. पण चंद्रपूर-गडचिरोली भागात दातांचा दवाखाना चालवताना एक गोष्ट मला रोज दिसते. माणूस हसायला लागला की त्याचा हात आपोआप तोंडापुढे येतो.

वरोरा, राजुरा, कोरपना या भागातल्या काही गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरी सोयच नसेल तर फार तर दीड. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी मूल पहिल्या आठ वर्षांत पीत राहिलं, तर जबड्याच्या आत तयार होणाऱ्या पक्क्या दातांचं कवच बिघडतं. मग दात उगवतात तेच खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी डाग घेऊन. ते घासून जात नाहीत. मुलीला पाहायला आलेली मंडळी मात्र ‘दात घासत नाही वाटतं’ असं कुजबुजून जातात!

अशा दातांवर एक उपाय म्हणजे व्हिनिअर. दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवलेला, चिनी मातीच्या जातीचा पातळ पापुद्रा. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे आपल्या नखाएवढी. १९३०च्या सुमारास हॉलिवूडमधले दंतवैद्य चार्ल्स पिंकस नटनट्यांच्या दातांवर असे पापुद्रे चित्रीकरणापुरते बसवत. काम संपलं की ते काढून ठेवायचे. ते कायमचे चिकटवण्याची वाट उघडली ती १९५५ साली. दाताचं कवच आम्लानं खरखरीत केलं की त्यावर भरणं घट्ट धरतं, हे तेव्हा बुओनोकोर यांनी दाखवलं. १९८०च्या दशकात पोर्सेलिनही तसंच खरखरीत करून दाताला जोडता येऊ लागलं.

चिकटवणं हा कामाचा सोपा भाग. काय चिकटवायचं, ही खरी परीक्षा.

आपल्याकडे दातांना मोत्यांची उपमा देतात. मोती एकसारखे असतात, दात नसतात. नैसर्गिक दात हिरडीजवळ जरा पिवळसर, टोकाशी थोडा पारदर्शक. सुळा शेजारच्या दातांपेक्षा गडद. उजव्या-डाव्या दातांतही बारीक फरक असतो, आणि वयानुसार कडा झिजतात. हे सगळं पुसून सहा शुभ्र चौकोन बसवले की माणसाच्या आधी त्याचे दात खोलीत शिरतात. रंग जुळवायच्या नेहमीच्या पट्टीवर सोळा छटा असतात, पण जवळजवळ प्रत्येकाचं बोट सर्वांत पांढऱ्या छटेवर जातं. धानाच्या बांधावर उन्हात रापलेल्या चेहऱ्यावर तो पांढरा रंग चुना फासल्यासारखा दिसतो. मी आरसा हातात देतो आणि ती पट्टी डोळ्यांच्या पांढऱ्या भागाशेजारी धरायला सांगतो. बहुतेकांचं बोट मग आपणहून खाली सरकतं. (सौंदर्याच्या कल्पनाही बदलतात. एके काळी आपल्याच बायका दातवण लावून दात काळे करत, आणि ते शोभून दिसे.)

आकाराबद्दल पुष्कळ सिद्धांत आहेत. चेहरा उलटा केला की समोरच्या दाताचा आकार मिळतो, असं विल्यम्स यांनी १९१४ मध्ये मांडलं. पुढे मोजमापं घेतली तेव्हा हे नातं भरवशाचं निघालं नाही. १९५०च्या दशकात फ्रश आणि फिशर यांनी वय, लिंग आणि व्यक्तिमत्त्व पाहून दात ठरवावेत, असं सांगितलं. अलीकडे स्वभावाचे चार प्रकार पाडून, तापट माणसाला आयताकृती आणि हळव्याला लंबगोल दात सुचवणारी एक पद्धतही आली आहे. वय पाहावं, हे मला पटतं. स्वभावाचं कोष्टक मात्र पत्रिका जुळवण्यासारखं वाटतं. माणूस कसा आहे हे कळायला त्याच्याशी अर्धा तास बोलावं लागतं, त्याला कोष्टकाचा पर्याय नाही.

मी जुने फोटो मागतो आणि गावांची नावं म्हणायला लावतो. ‘वरोरा, वडसा, वैरागड’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकेच टेकली पाहिजे. ‘सावली, सिंदेवाही, सिरोंचा’ म्हणताना वरचे-खालचे दात जवळ यावेत, पण आपटू नयेत. दात लांब झाला तर गावाचं नाव लगेच चुगली करतं.

झाडीपट्टीच्या नाटकांत काम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. पुढच्या दाताचा तुकडा उडालेला, शेजारचा दात किंचित आडवा. ‘सगळे सरळ करून टाका’ म्हणाल्या. दाताला हात न लावता वरून तात्पुरता लेप देऊन मी त्यांना सरळ दात दाखवले. बराच वेळ आरशात पाहून त्या म्हणाल्या, ‘ही कोणी दुसरीच दिसते.’ आम्ही फक्त तुटका दात दुरुस्त केला. आडवा तसाच आहे, आणि रात्रभराच्या नाटकात मागच्या रांगेपर्यंत तोच ओळखीचा आहे.

हा लेप आधी लावून पाहण्याचा आग्रह तुम्हीही धरा, कारण व्हिनिअरसाठी बहुतेकदा दाताचं कवच थोडं तासावं लागतं आणि ते पुन्हा येत नाही. शिवाय दहा-पंधरा वर्षांनी व्हिनिअर बदलायची वेळ येऊ शकते, तो खर्च वेगळा.

आणि खर्रा! लग्नाआधी दात चकाचक करून घ्यायला तरुण येतात. मी आधी त्यांना स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगतो. खर्ऱ्यातल्या सुपारीनं गाल आतून आखडले असतील तर ती जात नाहीत, तिखटही झोंबतं. ही कर्करोगापूर्वीची अवस्था असू शकते. अशा तोंडात मी व्हिनिअर बसवत नाही. आधी तपासणीला पाठवतो.

गेल्या वर्षी फ्लोराइडच्या पट्ट्यातल्या गावातून विशीतली एक मुलगी आली. मोबाइलमध्ये नटीचा फोटो होता, दहा दात तसे हवे होते. आम्ही आधी वरचा थर अगदी हलकेच घासून डाग कमी केले. बरेच फिके झाले. राहिले समोरचे दोन. त्यांच्या व्हिनिअरवर पुसटशा पांढऱ्या रेषा काढायला सांगितल्या, तेव्हा प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचा फोन आला, ‘डॉक्टर, हे डाग मुद्दाम ठेवायचे?’ हो म्हटलं, शेजारच्या दातांवर आहेत, तर यांच्यावरही हवेत.

नवे दोन कोणते, ते तिच्या आईला ओळखता आलं नाही. मुलीचा तीन वर्षांचा भाचा आजीच्या कडेवर होता. घरी पाणी कुठल्या हातपंपाचं येतं ते मी विचारून घेतलं, आणि आठवड्याच्या आत ते तपासून घ्यायला सांगितलं.