पाण्याची वही
(बाजारपेठेच्या एका लहान गांवीं शेतकरी, माळी, सुतार, लोहार, कुंभार, तेली, चांभार वगैरे मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



आज पाण्याविषयीं बोलावें म्हणून आम्ही तुमच्यापुढें उभे आहों. येतांना वाटेंत एका स्नेह्यानें विचारलें, “पाण्यावर भाषण तें काय करायचें? मालाच्या दरावर बोला.” दरावर आम्ही पुष्कळदां बोललों आहों आणि पुढेंही बोलूं. परंतु ऐन पेरणींत घरचा कर्ता जुलाबानें आठ दिवस अंथरुणाला खिळला म्हणजे वाफसा त्याच्यासाठीं थांबत नाहीं. सुताराची रोजी बुडते ती बुडतेच, आणि दवाखान्याच्या बिलापायीं कर्ज निघतें तें वेगळेंच. मग पाण्याचा हिशेब हा दराच्या हिशेबाहून निराळा कसा?

मृगाचा पाऊस पडला, ओढ्यानाल्यांना गढूळ पाणी आलें, कीं गल्लोगल्लीं हगवण, उलट्या, कावीळ ऐकूं येते. आपण म्हणतों, सांथ आली. जशी कांहीं ती पाहुणीच! ती कोणत्या वाटेनें आली आणि त्या वाटेवर राखणीला कोण होतें, हें कोणी विचारीत नाहीं. शेतांत डुकरें शिरलीं तर कुंपण कोठें मोडलें तें पाहायला आपण मध्यरात्रीं बत्ती घेऊन जातों. घरांत दुखणें शिरलें तर मात्र नवस बोलायला जातों.

एका परक्या गांवाची हकीकत ऐका. कॅनडा देशांत ऑन्टॅरिओ नांवाचा प्रांत आहे, त्यांत वॉकर्टन हें गांव. वस्ती सुमारें ५,००० ची. भोंवतीं शेती आणि गुरांचे गोठे. पाणी खोल-उथळ विहिरींचें, पंपानें उपसून नळाला सोडलेलें. पैका आपल्याहून पुष्कळ, पण गांव शेतकऱ्यांचेंच. सन २००० च्या मे महिन्यांत ८ पासून १२ तारखेपर्यंत तेथें दांडगा पाऊस झाला. गांवाची ५ नंबरची विहीर उथळ होती. शेजारच्या शेतांत शेणखत टाकलेलें होतें. पावसाच्या पाण्याबरोबर त्या शेणांतले जंतु खडकाच्या फटींतून विहिरींत उतरले. त्यांतल्या एका जंतूस ई. कोलाय म्हणतात; त्याची एक जात अशी वाईट कीं रक्ताचे जुलाब होतात आणि लहान मुलांचीं मूत्रपिंडें बंद पडतात. ५,००० च्या त्या गांवीं २,३०० वर माणसें आजारी पडलीं. ७ दगावलीं. २७ जणांच्या मूत्रपिंडांवर आलें, त्यांत बहुतेक पोरेंबाळें.

पुढें सरकारनें न्यायमूर्ति डेनिस ओ’कॉनर यांची चौकशी नेमली. त्यांचा पहिला अहवाल २००२ च्या जानेवारींत निघाला. त्यांनीं स्पष्ट लिहिलें कीं त्या शेतकऱ्यानें खत रीतीप्रमाणें टाकलें होतें, त्याच्याकडे दोष नाहीं. हें आम्ही मुद्दाम सांगतों. कांहीं बिघडलें कीं पहिलें बोट गोठ्याकडे वळतें, हा अनुभव आपल्याला नवा नाहीं.

मग चुकलें कोठें? तेथें पाणीखात्याचा व्यवस्थापक आणि त्याच्या हाताखालचा मुकादम हे सख्खे भाऊ होते. काम असें कीं पाण्यांत क्लोरीन सोडावें, आणि सोडल्यावर पाण्यांत किती शिल्लक राहिलें तें रोज मोजून वहींत मांडावें. ही शिल्लक म्हणजे काय तें नीट समजून घ्या. क्लोरीन घाणीवर खर्च होतें. घाण थोडी असेल तर थोडें खर्चून बाकी उरतें; घाण फार आली तर सगळें संपतें. म्हणून घातलें किती याला फारशी किंमत नाहीं, उरलें किती याला आहे. सावकाराच्या वहींत बाकी राहिली कीं आपल्या पोटांत गोळा येतो. पाण्याच्या वहींत मात्र बाकी नाहीं राहिली तर गोळा यावा.

ती बाकी ते मोजीतच नव्हते. वहींत रोज एक तर ०.५ नाहीं तर ०.७५ असा आंकडा टाकून मोकळे होत. पाऊस असो, ऊन असो, आंकडा तोच. लोक क्लोरीनच्या वासाची तक्रार करीत, म्हणून घालायचें तेंही कमी घालीत. आणि ते भाऊ कांहीं दुष्ट नव्हते बरें! आपल्या विहिरीचें पाणी म्हणजे अमृत असें समजून ते स्वतः तें कच्चें पीत. त्यांना कोणी नीट शिकविलेंच नव्हतें. मोठ्या पावसाच्या दिवसांत ५ नंबरवर रोज खरेंखुरें मापन झालें असतें, तर बाकी संपल्याचें तेव्हांच दिसतें आणि बहुतेक अनर्थ टळता, असें चौकशींत निघालें.

पुढचें याहून वाईट. १७ मे रोजीं प्रयोगशाळेनें व्यवस्थापकास कळविलें कीं पाण्यांत जंतु आहेत. सरकारनें आपल्या प्रयोगशाळांतली गांवोगांवच्या पाण्याची तपासणी १९९६ सालीं बंद करून ती खासगी प्रयोगशाळांवर सोंपविली होती, आणि तिनें आरोग्यखात्यास कळविलेंच पाहिजे असा कायदा नव्हता. व्यवस्थापकानें तो कागद दाबला. एक विहीर क्लोरीनच्या यंत्रावांचून चालविली होती, तें उघडें पडेल ही भीति. १९ तारखेस शेजारच्या शहरांतील लहान मुलांच्या एका डॉक्टरीणबाईंनीं संशय घेऊन आरोग्यखात्याला सांगितलें. खात्यानें व्यवस्थापकास विचारलें. उत्तर आलें, पाणी ठीक आहे. २० तारखेस पुन्हा विचारलें, पुन्हा तेंच. शेवटीं २१ तारखेस आरोग्याधिकाऱ्यानें स्वतःच्या जबाबदारीवर पाणी उकळून पिण्याचा हुकूम काढला. तोंवर चार दिवस आया आजारी लेकरांना तेंच पाणी घोट घोट पाजीत होत्या. २००४ सालीं दोघां भावांनीं गुन्हा कबूल केला. एकास वर्षाची कैद झाली, दुसऱ्यास नऊ महिने घरांत स्थानबद्ध केलें. त्या सात जणांचें मरण सटवीनें कपाळीं लिहिलेलें नव्हतें. तें एका खोट्या वहींत दडलें होतें.

हें लांबचें झालें, आतां घरचें. गेल्या श्रावणांत आम्ही एका बाजारगांवीं व्याख्यानास गेलों होतों. गांवाचें नांव सांगत नाहीं. सभेला वेळ होता म्हणून पाण्याच्या टाकीपाशीं गेलों. पाणी सोडणारा मनुष्य भला. त्यानें आम्हांला वही दाखविली. पानेंच्या पानें एकाच शाईनें, एकाच हातानें लिहिलेलीं: ०.५, ०.५, ०.५. येणाऱ्या रविवारचा आंकडाही आधींच भरलेला! खोलींत टीसीएल पावडरचें पोतें ओल्या फरशीवर तोंड उघडें पडलें होतें. नाकापाशीं धरलें तर वास असा नव्हताच. चुन्यासारखें ढेकूळ झालें होतें. आम्ही म्हणालों, “अरे बाबा, हें असें कसें?” तो हंसून म्हणाला, “अण्णा, वही पंचायतीला लागती, पाण्याला न्हाई.” त्याचा चार महिन्यांचा पगार थकला होता. बाटलींतलें औषध टाकून पाणी पिवळें होतें कीं नाहीं तें कसें पाहावें, हें त्याला कोणीं एकदांही दाखविलें नव्हतें. आमच्या पिशवींत ओटीची बाटली होती. टाकीजवळच्या नळाचें पाणी जेमतेम पिवळसर झालें. मग बाजाराच्या पलीकडे, जेथें कुंभारवाडा संपून मागासलेल्यांची वस्ती लागते, त्या शेवटच्या नळावर गेलों. तेथें नळाचा तोटा गटारांत बुडालेला. त्या पाण्यांत औषधाचे थेंब टाकले, पण पाणी होतें तसेंच पांढरें राहिलें. एक म्हातारी म्हणाली, “वास न्हाई तेच पाणी ग्वाड, लेकरा.” वॉकर्टनचे लोकही हेंच म्हणत होते.

आतां आमची चूक कबूल करतों. त्या सायंकाळीं सभेला सरपंच अध्यक्ष होते. आपल्याच समाजाचे, चळवळींत वाढलेले गृहस्थ. त्यांनीं आमच्या गळ्यांत हार घातला, आणि आम्ही तासभर बोललों, पण वहीचा शब्द काढला नाहीं. तिथें जर जुना कुळकर्णी बसला असता तर आम्हीं त्याची साल काढली असती! जोतीरावांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो अडाणी कुणब्याला दप्तरानें कसें नागविलें जातें हें दाखवायला. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कोल्हापूर संस्थानांत कुळकर्णी वतनें मोडलीं तीं या दप्तराची मक्तेदारी मोडायला. दप्तर हातीं आलें. पण तें आपल्या माणसाच्या हातीं आलें म्हणजे खरें झालें असें आपण धरून चाललों. पुतण्याला हिशेब कसा विचारायचा, जातभाईचा आंकडा कसा तपासायचा, अशी भीड पडते. त्या भिडेचें पाणी शेवटच्या नळावरचीं लेकरें पितात.

पाण्यांत आणि कागदांत अंतर पडतें हें आपल्या चळवळीला ठाऊक नाहीं असें नाहीं. जोतीरावांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला तो कागदावर नव्हे, प्रत्यक्ष. १९२३ सालीं रावबहादूर सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव पास करून घेतला. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं तसाच ठराव केला. पण ठराव दप्तरांत, तळें कुलपांत नसूनही कुलपांत. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हां ठरावाची परीक्षा झाली. पुढें सनातन्यांनीं तें तळें ‘शुद्ध’ केलें, तें कशानें? शेण, गोमूत्र, दूध, दहीं घागरींत कालवून मंत्रांच्या गजरांत ओतून! शेणाचा अंश पाण्यांत उतरला म्हणून वॉकर्टनला सात मढीं पडलीं, आणि येथें शेणानें पाणी पवित्र होतें. असो.

तर करायचें काय? टीसीएल ताजी असेल तर तिच्यांत सुमारें एक-तृतीयांश क्लोरीन असतें. हवा, ऊन, ओल लागली कीं तें उडून जातें आणि हातीं चुना राहतो. म्हणून ती बंद डब्यांत, कोरड्या अंधाऱ्या जागीं ठेवावी. १० फूट रुंदीच्या गोल विहिरींत १० फूट पाणी असेल तर तें सुमारें २२,००० लिटर भरतें. चांगली पावडर असल्यास त्याला साधारण ७० ग्रॅमपासून सुरुवात करावी. पाणी गढूळ असेल तर अधिक लागते. आपल्या आरोग्यकेंद्रांत विचारून प्रमाण ठरवा, पण मुठीनें मोजूं नका. पावडर बादलींत कालवावी, गाळ खालीं बसूं द्यावा, वरची निवळ तेवढी पाण्यांत सोडावी, आणि निदान अर्धा तास, जमल्यास तासभर थांबून मग पाणी सोडावें. शेवटच्या नळाला बाकी निदान ०.२ मिलिग्रॅम दर लिटरला असावी असें आपल्या देशाचें प्रमाण आहे. पाणी पिवळें झालें तर बाकी आहे, नाहीं तर नाहीं. इतकें तर पांचवीच्या पोरालाही दिसतें. दुखणें सुरू झालें असेल त्या दिवसांत पाणी खळखळ उकळून प्या. मात्र खतांतलें नायट्रेट पाण्यांत उतरलें असेल तर तें क्लोरीननेंही जात नाहीं आणि उकळूनही जात नाहीं. त्याला प्रयोगशाळेचीच तपासणी लागते, त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

भगिनींनो, हें काम आम्ही तुमच्याकडे मागतों. पाणी तुम्हीच भरतां. गांवच्या पाणी समितींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, आणि २०१९ सालच्या जल जीवन मिशनच्या नियमांत गांवांतल्या पांच बायकांना पाणी तपासायला शिकवावें असें आहे. तुमच्या गांवच्या त्या पांच कोण, हें आज या सभेंत किती जणींस सांगतां येईल? आम्हीं आत्तां विचारलें तर चार हात वर झाले, आणि तेही नांवें सांगतांना अडखळले. पंचायतीला आरोग्यखात्याकडून पाण्याच्या व्यवस्थेबद्दल लाल, पिवळें किंवा हिरवें कार्ड मिळतें. तुमचें कोणत्या रंगाचें तें कचेरींत जाऊन पाहा. वही मागायला लाजूं नका. २००५ च्या माहितीच्या कायद्यानें तो तुमचा हक्क आहे. आणि पाणी सोडणाऱ्यावर चालून जाऊं नका. त्याचा पगार थकला आहे का, त्याला शिकविलें आहे का, हें ग्रामसभेंत आधीं विचारा.

आम्ही उद्यां सकाळपर्यंत येथें मुक्कामाला आहों. सात वाजतां पाणी सुटतें असें कळलें. पिशवींत ओटीच्या दोन बाटल्या आहेत. सरपंच साहेब समोर बसले आहेत, त्यांस आज हार घेण्याआधींच विनंति केली आहे आणि त्यांनीं वही आणण्याचें कबूल केलें आहे. टाकीखालचा नळ आम्ही पाहूं. शेवटच्या नळाला कोण कोण येणार, तेवढीं नांवें आतां सांगा.