हिरड्यांतून येणारे रक्त : एक वेळीच मिळणारी सूचना



मधुमेह आणि रक्तदाब यांविषयी आपली मंडळी आम्हा डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलतात. हिरड्यांविषयी मात्र क्वचितच. ब्रशवर रक्त दिसले की पुष्कळजण त्या जागी घासणेच सोडून देतात. हा उपाय नेमका उलटा आहे.

दात आणि हिरडी जेथे मिळतात तेथे जिवाणूंचा चिकट थर रोज साचतो. तो काढला नाही तर हिरडी सुजते आणि थर कठीण होऊन त्याचे कीटण बनते. कीटण ब्रशने निघत नाही. डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ निरोगी व्यक्तींनी दातांची सफाई थांबविली. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या; सफाई पुन्हा सुरू करताच सुमारे आठवड्यात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे पहिल्या पायरीवर हा रोग पूर्णपणे परतविता येतो. पुढच्या पायरीवर दातांभोवतीचे हाड झिजते, आणि गेलेले हाड सहसा परत येत नाही. दुःख हेच की या काळात दुखत काहीच नाही.

लक्षणे अशी : घासताना रक्त येणे, हिरडी लाल व फुगीर होणे, तोंडाला सततची दुर्गंधी, दात लांब वाटू लागणे, ते हलणे. निरोगी हिरडी गुलाबी असते असे पुस्तके सांगतात. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या हिरड्या मुळातच तपकिरी असतात. तो रोग नव्हे. आपल्या नेहमीच्या रंगात झालेला बदल ओळखावा.

आपल्या माता-भगिनींमधील मशेरीची सवय काहींच्या सामानाबरोबर येथवर आली आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात स्वच्छ होत नाहीत, हिरड्या मात्र खचतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, म्हणून रोग लपून राहतो. मधुमेहाने हिरड्यांचा रोग बळावतो आणि त्या रोगाने रक्तातील साखर आवरणे कठीण होते. गरोदरपणातही हिरड्या लवकर सुजतात.

दातांच्या स्वच्छतेचे महत्त्व आपल्या परंपरेला नवे नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात दातवणाचे पाच लाभ सांगितले आहेत. आज दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे, मऊ ब्रश हिरडीच्या कडेकडे तिरपा धरून हळुवार घासावे. दातांमधील फटी रोज दोऱ्याने स्वच्छ कराव्यात. कीटण दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे.

खर्चाची अडचण खरी आहे. ओंटारिओचा सरकारी आरोग्यविमा दातांचे नेहमीचे उपचार देत नाही. तथापि, २०२४ च्या मे महिन्यापासून कॅनडा सरकारच्या दंत-योजनेतून उपचार मिळू लागले. दातांचा खासगी विमा नसलेल्या आणि कुटुंबाचे निव्वळ उत्पन्न ९०,००० डॉलरहून कमी असलेल्या रहिवाशांसाठी ती आहे. मात्र कराचे विवरणपत्र भरलेले हवे. शिवाय केंब्रिजहून ४०१ महामार्गाने पूर्वेस टोरंटो व पश्चिमेस लंडन येथील विद्यापीठांच्या दंतविभागांत शिक्षकांच्या देखरेखीखाली कमी दरात उपचार होतात.

भारतातून पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांना ही सरकारी योजना लागू होत नाही. त्यांची तपासणी निघण्यापूर्वी तिकडेच करून घ्यावी, आणि येथे घरी असलेल्या वडीलधाऱ्यांना आज रात्री एवढेच विचारावे, “दात घासताना रक्त येते का?” संकोचाने त्या स्वतःहून सांगणार नाहीत.

जय भीम.