घरातील फडताळ आणि अंथरूण-पांघरूण



यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. येथील काळ्या जमिनीतून वेचलेला कापूस सरकीपासून वेगळा होतो, पिंजला जातो, कातला-विणला जातो, तेव्हा कोठे आपल्या पलंगावर चादर पसरते. इतक्या हातांचे श्रम जिच्यात साठले आहेत ती वस्तू पुष्कळ घरांतून गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकलेली असते. पावसाळ्याच्या रात्री अवचित पाहुणे येतात, अथवा घरात कोणास ताप भरतो. गाठोडे सोडावे तो एका चादरीस कुबट वास, दुसरीवर बुरशीचे काळे ठिपके, आणि उशीचे अभ्रे तर जोडीने सापडतच नाहीत. कापड वापराने हळूहळू झिजते. ओलीत पडून राहिले तर एका पावसाळ्यात कामातून जाते. तेव्हा घरातील एखादे अडगळीचे फडताळ मोकळे करून तेथे अंथरूण-पांघरुणाची अल्प खर्चात व्यवस्था कशी लावावी, याचा आज विचार करू.

प्रथम शत्रू ओळखला पाहिजे. सूत हवेतील ओलावा शोषून घेते; कोरडे भासणाऱ्या सुती कापडातही वजनाच्या सुमारे सात-आठ टक्के पाणी असू शकते. हवेची सापेक्ष आर्द्रता 65-70 टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशीस अनुकूल काळ येतो. दुसरा शत्रू कसर. तिला खळ प्रिय आहे. म्हणून दीर्घकाळ ठेवावयाच्या चादरींस खळ देऊ नये. लोकरीच्या कांबळ्यांवर पतंगाच्या अळ्या पडतात. मळ व घामाचे डाग त्यांना विशेष आकर्षितात. यास्तव न धुतलेले वस्त्र फडताळात जाऊ नये, हा पहिला नियम.

फडताळ वैशाखात रिकामे करावे. भेगा बुजवून आतून चुन्याचा हात द्यावा आणि तो पूर्ण वाळेपर्यंत दारे उघडी ठेवावीत; ओल्या चुन्यावर कपडे रचणे म्हणजे ओलीस स्वहस्ते आमंत्रण देणे होय. भिंतीत मूळचीच ओल असेल, तर ती जागा सोडून दुसरी शोधावी. फळ्यांसाठी जुन्या खोक्यांची लाकडे पुरतात. दोन फळ्यांत बारा ते चौदा इंच अंतर ठेवावे. याहून उंच थप्पी कोसळते. फळी मागील भिंतीपासून दोन बोटे अलग असावी, म्हणजे वारा खेळतो आणि वाळवी लागल्यास चटकन दिसते. लाकडावर जुन्या सुती साडीचा धुतलेला तुकडा अंथरावा. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या कापडास लागते, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो. एकंदरीत चुना, खिळे आणि एखादी कडी एवढ्याचाच काय तो खर्च.

आता मांडणी. प्रत्येक अंथरुणामागे चादरींचे तीन संच पुरेसे आहेत: एक वापरात, एक धुण्यात, एक फडताळात. चादर व अभ्रे यांची घडी त्याच संचातील एका अभ्र्यात घालावी, म्हणजे अंधारातही सारा संच एकदम हाती येतो. कोपऱ्यावर रंगीत दोऱ्याचे टाके घालावेत. एकेरी चादरीस एक, दुहेरीस दोन. धुऊन आलेला संच थप्पीच्या तळाशी ठेवावा आणि वापरावयाचा वरून घ्यावा. अशाने सर्व चादरी सारख्या झिजतात. नित्याच्या चादरी हाताच्या उंचीवर, पाहुण्यांच्या वरच्या फळीवर आणि जड रजया व सतरंज्या तळाशी असाव्यात. आजारी माणसासाठी एक संच मात्र सर्वांत पुढे, नेहमी तयार असावा.

कसरीसाठी पुष्कळ घरांत डांबरगोळ्या टाकण्याची चाल आहे. येथे सावधगिरी हवी. नॅफ्थॅलिनच्या या गोळ्या मुलांनी खाल्ल्यास विषबाधा होते. ज्या बालकांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या द्रव्याची जन्मतः उणीव असते, त्यांना अशा गोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यांच्या व पांघरुणांच्या संसर्गानेही रक्त फुटून कावीळ झाल्याची उदाहरणे वैद्यकास ज्ञात आहेत. बाळंतिणीच्या व तान्ह्या मुलांच्या कपड्यांत या गोळ्या कदापि ठेवू नयेत. सावलीत पूर्ण वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवावा. तोही मधूनमधून बदलावा. मात्र स्वच्छता आणि ऊन यांची सर त्याला नाही.

ऊन आपल्याकडे मुबलक आहे. मृग नक्षत्र साधारण 7 जूनच्या सुमारास लागते. त्यापूर्वी आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात, असे वर्षातून दोनदा सारे फडताळ उन्हात काढावे. ऊन दिलेले कपडे तापलेलेच घडी करून कोंडू नयेत, निवू द्यावेत. पावसाळ्यातही उघडीप मिळेल त्या दिवशी दारे घटकाभर उघडावीत.

या व्यवस्थेत घरातील पुरुषांनी व मुलांनीही आपला वाटा उचलावा. कोणती वस्तू कोठे आहे हे एकट्या गृहिणीलाच ठाऊक असले, तर ती आजारी पडताच घराची घडी विस्कटते. फडताळाच्या दाराच्या आत एक यादी चिकटवावी आणि ज्याने वस्तू काढली त्यानेच ती परत ठेवावी. मध्यरात्री कोणासही न उठवता घरातील लहान मुलालाही कोरडी, स्वच्छ चादर काढून देता आली, म्हणजे आपले फडताळ खरोखर लागले असे समजावे.