आमच्या मुलाचे दुखणे कसे कळले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषण करणे मला ठाऊक नाही. तेव्हा २०१९ साली आमच्या घरी जे घडले तेच सांगते.

मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. सकाळी उठला की डोके दुखे आणि ओकारी झाली की जरा बरे वाटे. आम्ही पित्त समजून मोरावळा चालवला. एका डॉक्टरांनीही पित्ताच्याच गोळ्या दिल्या. चष्म्याचा नंबरसुद्धा तपासून झाला. मग दिवाळीत तो आकाशकंदील लावायला स्टुलावर चढला. हूक डोक्यावरच होता, पण हा हनुवटी उचलून सगळी मान मागे टाकी. मी रागावले, "अरे, डोळे वर करून बघ की!"

तो म्हणाला, "आई, डोळे वर जातच नाहीत."

भाऊबीज झाल्याबरोबर त्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी त्याचे डोके धरून ठेवले आणि बोट वर वर नेले. नजर मध्येच अडली. बॅटरीच्या उजेडाने बाहुल्या नीट आकसेनात. बोट नाकाजवळ आणताच मात्र आकसल्या. बाईंनी चष्म्याचे नाव काढले नाही. त्याच दिवशी एम. आर. आय. करायला धाडले.

मेंदूच्या अगदी मधोमध पिनिअल नावाची ग्रंथी असते, वाटाण्याहूनही लहान. गाठ तिथे होती. नजर वर फिरवणारा मेंदूचा भाग तिला लागूनच असतो. शिवाय मेंदूतले पाणी वाहण्याची बारीक वाट तिने दाबली होती. पाणी तुंबून डोके दुखत होते. नजर अशी अडण्याला पारिनो या फ्रेंच नेत्रवैद्याचे नाव आहे. त्याने एकोणिसाव्या शतकात, असली यंत्रे नसताना, हे नोंदून ठेवले.

पण तिथल्या गाठी नाना जातींच्या, आणि जात कळल्याशिवाय उपचार ठरत नाही. रक्तात एच. सी. जी. तपासायचे होते. नर्सबाई म्हणाल्या, "बायकांना दिवस गेलेत का, ते यावरूनच बघतात." मी थक्कच झाले! गर्भात असतानाच काही बीजपेशी वाट चुकून मेंदूत राहतात, असे मानतात. त्यांची गाठ कधी कधी हाच पदार्थ सोडते. याच्या रक्तात तो वाढलेला नव्हता. मग दुर्बिणीने पाण्याला नवी वाट करून दिली आणि त्याच वेळी गाठीचा तुकडा काढला.

निकाल आला, जर्मिनोमा. कर्करोग म्हटल्यावर मी रडू लागले, आणि डॉक्टरांचा चेहरा मात्र उजळलेला! मला रागच आला. ते म्हणाले, "बाई, ही जात किरणांना फार चांगली दाद देते. कवटी उघडून सगळी गाठ काढायला नको." तेव्हा कुठे मी खुर्चीवर बसले.

मुलगा आता कॉलेजात आहे. नजर अजून पुरती वर जात नाही. दिवाळीचा कंदील तोच लावतो, हनुवटी उचलून. मी खाली स्टूल धरून उभी असते.